विश्लेषण : टीबीची जुनी लस फुप्फुसाच्या दुर्मीळ संसर्गावर औषध ठरेल का?

जन्मानंतर काही तासांतच बाळाच्या डाव्या दंडावर टोचली जाणारी बीसीजी ही लस शंभर वर्षांहून जुनी आहे. टीबीशी साधर्म्य असलेल्या, पण टीबी नसलेल्या फुप्फुसाच्या एका चिवट संसर्गावर तिचा उपयोग करता येईल का, हा प्रश्न संशोधक विचारत आहेत. या संसर्गाचे नाव ‘एनटीएम’. त्यावरची औषधे वर्ष-दीड वर्ष घ्यावी लागतात आणि तरीही अनेकांचा आजार परततो. त्यामुळे स्वस्त, ओळखीची आणि गावोगावच्या आरोग्य केंद्रात मिळणारी लस कामी आली, तर रुग्णांसाठी तो मोठाच दिलासा ठरेल. मात्र आशा आणि उपचार यांत अंतर असते. ते चाचण्यांनीच कापावे लागते आणि त्या चाचण्या करण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेलाच घ्यावी लागेल.

एनटीएम म्हणजे नेमके काय?

नॉन-ट्यूबरक्युलस मायकोबॅक्टेरिया या नावाचे हे लघुरूप. टीबी आणि कुष्ठरोग यांचे जंतू ज्या कुळातले, त्याच कुळातले हे जंतू. त्यांच्या सुमारे २०० प्रजाती ज्ञात आहेत. टीबीचा जंतू एका माणसाच्या खोकल्यातून दुसऱ्याकडे जातो. एनटीएम मात्र माती, नदी-नाले, पिण्याच्या पाण्याचे नळ, शॉवर अशा ठिकाणी राहतात. क्लोरिनलाही ते सहजासहजी दाद देत नाहीत. प्रत्येक माणसाचा त्यांच्याशी रोज संबंध येतो आणि बहुतेकांना काहीच होत नाही.

त्रास होतो तो ज्यांची फुप्फुसे आधीच कमकुवत झालेली आहेत त्यांना. पूर्वी टीबी होऊन गेलेला, श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या (ब्रॉन्किएक्टॅसिस), वर्षानुवर्षे धूम्रपान केलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे रुग्ण यात येतात. पाश्चात्त्य देशांत उतारवयातील सडपातळ स्त्रियांमध्येही हा आजार दिसतो. ‘मायकोबॅक्टेरियम एव्हियम’ गटातील जंतू आणि ‘मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस’ ही यातील दोन प्रमुख नावे. पहिला जंतू हळूहळू वाढतो. दुसरा झपाट्याने वाढतो आणि औषधांना सर्वात कमी जुमानतो.

टीबी समजून चुकीचे उपचार का होतात?

समजा, पन्नाशीतील एका माणसाला दहा वर्षांपूर्वी टीबी झाला होता आणि तो बराही झाला. आता पुन्हा खोकला, बारीक ताप, वजनात घट. थुंकीची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर टीबीसारखेच लाल जंतू दिसतात. एक्स-रेमध्ये जुने डाग आहेतच. टीबीची औषधे पुन्हा सुरू होतात. चार-सहा महिने जातात, पण थुंकी ‘पॉझिटिव्ह’च राहते. मग औषधांना दाद न देणारा टीबी, म्हणजे एमडीआर टीबी असल्याचा संशय येतो आणि आणखी जड औषधे दिली जातात.

सूक्ष्मदर्शकाखाली टीबी आणि एनटीएम यांच्यात फरक करता येत नाही. तो सीबीनॅट यंत्रावर कळू शकतो. हे यंत्र टीबीच्या जंतूची जनुकीय खूण शोधते. काचेवर जंतू दिसले आणि सीबीनॅटने टीबी नसल्याचे सांगितले, तर एनटीएमचा विचार व्हायला हवा. त्यानंतर थुंकीतील जंतू प्रयोगशाळेत वाढवून, म्हणजे कल्चर करून, नेमकी प्रजाती ओळखावी लागते.

यात आणखी एक अडचण आहे. हे जंतू पाण्यात सर्वत्र असल्याने एकदा थुंकीत सापडले म्हणजे आजार आहेच, असे म्हणता येत नाही. म्हणूनच लक्षणे, सीटी स्कॅनमधील खुणा आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या किमान दोन थुंकी नमुन्यांत तोच जंतू, अशी आंतरराष्ट्रीय निकषांची अट आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीही ही साखळी दरवेळी पूर्ण होतेच असे नाही. तालुक्यात तर ती सुरूच होत नाही.

आजार दुर्मीळ आहे, मग चिंता कशाला?

‘दुर्मीळ’ हा शब्द इथे जपून वापरायला हवा. भारतात दरवर्षी २५ लाखांहून अधिक टीबी रुग्णांची नोंद होते. त्यातील बरेच जण बरे होतात, पण फुप्फुसावर व्रण घेऊन जगतात. एनटीएमला घर करायला अशीच फुप्फुसे लागतात. म्हणजे टीबीवर मात करणाऱ्यांची संख्या जितकी मोठी, तितकी एनटीएमचा धोका असणाऱ्यांचीही संख्या मोठी.

टीबी रुग्णाची नोंद सरकारला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे. एनटीएमसाठी तशी देशव्यापी सक्ती नाही. ज्याची मोजणीच होत नाही, तो आजार कागदावर दुर्मीळच राहणार. टीबीची औषधे सरकारकडून मोफत मिळतात. ‘निक्षय पोषण’ योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा एक हजार रुपयेही मिळतात. ही व्यवस्था टीबी रुग्णांसाठी आहे. कल्चरचा अहवाल ‘एनटीएम’ असा आला की रुग्णाची फाइल टीबीच्या कार्यक्रमातून बंद होते. खोकला तसाच राहतो आणि खर्च मात्र खिशातून सुरू होतो.

सध्याचे उपचार किती अवघड?

एव्हियम गटातील जंतूंसाठी ॲझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही तीन औषधे एकत्र दिली जातात. थुंकीतून जंतू नाहीसे झाल्यानंतरही पुढे बारा महिने ती चालू ठेवावी लागतात. पोट बिघडणे, दृष्टीवर परिणाम, यकृताचा त्रास यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. ॲबसेसससाठी तर ॲमिकॅसिनसारखी इंजेक्शने अनेक आठवडे शिरेतून द्यावी लागतात. या औषधाने कानाला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. इतके करूनही या जंतूच्या सर्वात चिवट उपप्रजातीत निम्म्याहून कमी रुग्णांची थुंकी कायमची जंतुमुक्त होते.

श्वासावाटे घ्यायच्या ॲमिकॅसिनच्या एका खास प्रकाराला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. मात्र त्याची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरची आहे. नवी औषधे येण्याचा वेग कमी आणि रुग्ण विखुरलेले. त्यामुळेच हाताशी असलेल्या गोष्टींकडे संशोधकांचे लक्ष वळले.

बीसीजीचा याच्याशी संबंध काय?

आल्बेर काल्मेत आणि कामिल गेराँ या दोन फ्रेंच संशोधकांनी १९०८ मध्ये गायींमधील टीबीचा जंतू घेतला. बटाट्याचे काप आणि बैलाचे पित्त यांच्या मिश्रणावर दर तीन आठवड्यांनी नवा थर लावत तो जंतू त्यांनी तेरा वर्षांत सुमारे २३० वेळा वाढवला. त्यातून तो इतका सौम्य झाला, की शरीराला आजार न होता केवळ ओळख व्हावी. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये ही लस प्रथम बाळाला दिली गेली. बीसीजी या नावातली दोन अक्षरे या दोघांच्या आडनावांची आहेत.

टीबी, कुष्ठरोग आणि एनटीएम एकाच कुळातले असल्याने त्यांच्या पृष्ठभागावरील अनेक घटक सारखे आहेत. एका भावंडाचा चेहरा ओळखीचा झाला की दुसरे भावंडही गर्दीत ओळखू येते, तसा हा प्रकार. बीसीजीमुळे कुष्ठरोगापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे बऱ्याच आधीपासून माहीत आहे. आफ्रिकेत त्वचेला मोठ्या जखमा करणारा ‘बुरुली अल्सर’ हा आजारही एका एनटीएम जंतूमुळेच होतो. युगांडातील चाचण्यांत बीसीजीने त्यापासून काही संरक्षण दिले, पण ते अल्पकाळच टिकले.

सर्वात बोलका पुरावा युरोपमधून आला. स्वीडनने १९७५ मध्ये सर्व नवजात बाळांना बीसीजी देणे थांबवले. त्यानंतर लस न घेतलेल्या लहान मुलांत एनटीएममुळे मानेत गाठी येण्याचे प्रमाण वाढले. फिनलंड आणि फ्रान्स यांनी २००६-०७ च्या सुमारास सरसकट लसीकरण थांबवले, तेव्हा तिथेही असेच चित्र दिसले. अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. लस घेतलेल्या मुलांत हा धोका बराच कमी असल्याचे त्यात दिसले. २०१९ मध्ये अमेरिकेतील सेंट लुई विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक पायरी गाठली. बीसीजीमुळे तयार होणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी एव्हियम आणि ॲबसेसस या दोन्ही जंतूंविरुद्ध काम करतात, असे त्यांना मानवी पेशींवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आढळले.

लस हे औषध कसे होऊ शकते?

लस म्हणजे आजार होण्याआधी घ्यायची गोष्ट, असा सर्वसाधारण समज आहे. बीसीजीने तो पूर्वीच मोडला आहे. कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या नऊ रुग्णांवर बीसीजी वापरल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. लस नळीवाटे थेट मूत्राशयात सोडली, की तिथली प्रतिकारशक्ती जागी होते आणि कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडते. पुढे रीतसर चाचण्या झाल्या आणि १९९० मध्ये अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. वरच्या थरात असलेल्या, पण परतण्याचा धोका मोठा असलेल्या मूत्राशयाच्या कर्करोगात आजही हाच प्रमुख उपचार आहे.

भारतातही असे उदाहरण आहे. दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीचे संस्थापक डॉ. जी. पी. तलवार यांच्या चमूने कुष्ठरोगासाठी ‘एमडब्ल्यू’ नावाची लस विकसित केली. मारलेल्या जंतूंपासून बनवलेली ही लस कुष्ठरुग्णांना औषधांच्या जोडीला देण्यात आली. पुढे टीबीतही ती तपासली गेली. हट्टी चामखिळींवर तर त्वचारोगतज्ज्ञ ती थेट चामखिळीत टोचतात. गंमत म्हणजे ज्या जंतूपासून ही लस बनते, तो स्वतःच एक निरुपद्रवी एनटीएम आहे आणि एव्हियम गटाचा जवळचा नातलग आहे. म्हणजे एनटीएमविरुद्ध लस-उपचाराचा विचार करताना भारताकडे बीसीजीखेरीज स्वतःचाही एक पर्याय आहे.

मग रुग्णांना आजच बीसीजी का देऊ नये?

याची चार कारणे आहेत आणि चारही गंभीर आहेत.

पहिले कारण, वर दिलेला बहुतेक पुरावा लहान मुलांच्या मानेतील गाठींचा आणि प्रयोगशाळेचा आहे. साठीतल्या माणसाचे व्रण पडलेले फुप्फुस ही वेगळीच गोष्ट आहे. आजार टाळणे आणि झालेला आजार बरा करणे यांतही मोठा फरक आहे.

दुसरे कारण, बीसीजीत जिवंत जंतू असतात. एनटीएमवर दिली जाणारी रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही औषधे बीसीजीच्या जंतूलाही मारतात. औषधे चालू असताना लस दिली, तर ती काम सुरू करण्याआधीच संपेल. ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे, त्यांच्या शरीरात मात्र हाच सौम्य जंतू पसरून नवा आजार निर्माण करू शकतो. एनटीएमच्या रुग्णांत असे लोक कमी नाहीत.

तिसरे कारण इतिहासात आहे. टीबीचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये टीबीवरचे औषध म्हणून ‘ट्यूबरक्युलिन’ जाहीर केले. जगभरातून रुग्णांची बर्लिनकडे रीघ लागली. जंतूंचा अर्क टोचल्यावर आधीच आजारी असलेल्या फुप्फुसांत तीव्र प्रतिक्रिया उमटली, अनेकांची प्रकृती ढासळली आणि काहींचा मृत्यू झाला. प्रतिकारशक्ती चेतवणे म्हणजे दरवेळी मदत करणे नव्हे. आग विझवायला आलेले लोकच घर तुडवून जाऊ शकतात. तेच ट्यूबरक्युलिन पुढे टीबीच्या निदानासाठी उपयोगी ठरले. दंडाऐवजी हाताच्या पुढच्या भागावर टोचून फुगवटा मोजायची ती चाचणी आजही होते. पदार्थ तोच, पण योग्य उपयोग सापडायला वेळ आणि चाचण्या लागल्या.

चौथे कारण थेट भारताशी जोडलेले आहे.

चेंगलपट्टूच्या चाचणीने काय शिकवले?

तामिळनाडूतील चेंगलपट्टू भागात १९६८ मध्ये बीसीजीची जगातील सर्वात मोठी चाचणी सुरू झाली. अडीच लाखांहून अधिक लोक तिच्यात सहभागी होते. सुमारे दहा वर्षांनी निष्कर्ष आले तेव्हा धक्का बसला. प्रौढांना होणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीपासून लसीने संरक्षण दिले नव्हते. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यातही हेच दिसले. ब्रिटनमधील शाळकरी मुलांत हीच लस उत्तम काम करत होती.

हा फरक का पडला, याची जी कारणे पुढे आली त्यांतील एक महत्त्वाचे कारण एनटीएम हेच आहे. उष्ण प्रदेशात माती-पाण्यातील या जंतूंशी लहानपणापासून सतत संपर्क येतो. शरीरात त्यांची ओळख आधीच झालेली असते. त्यामुळे बीसीजीचे जंतू टोचले तरी शरीर त्यांना लगेच आवरते आणि लसीला नवे काही शिकवायला वावच उरत नाही. मलावी आणि ब्रिटनमधील तरुणांची तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही लसीनंतर प्रतिकारशक्तीत पडणारी भर ब्रिटनमध्ये कितीतरी जास्त दिसली.

म्हणजे ज्या जंतूंवर बीसीजी चालवायची, त्याच जंतूंनी भारतात बीसीजीची धार बोथट केली असावी. स्वीडनमधील मुलांवरचा निष्कर्ष सोलापूरच्या किंवा सिंधुदुर्गच्या रुग्णाला जसाच्या तसा लावता येणार नाही, तो यामुळे. भारतीय रुग्णांसाठीचे उत्तर भारतातील चाचणीतूनच मिळेल.

कोविडच्या काळातला अनुभव काय सांगतो?

२०२० मध्ये बीसीजी घेतलेल्या देशांत कोविड सौम्य आहे, असा निष्कर्ष नकाशे पाहून काढला गेला आणि समाजमाध्यमांवर तो वाऱ्यासारखा पसरला. या लसीमुळे एकूणच प्रतिकारशक्ती ‘तयारीत’ राहते, या संकल्पनेला वैज्ञानिक आधार होता. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पाच देशांतील सुमारे चार हजार आरोग्य कर्मचाऱ्यांवर चाचणी केली. २०२३ मध्ये निकाल आला : बीसीजीने कोविडचा धोका कमी केला नाही.

अंदाज पटण्यासारखा होता, यंत्रणा समजत होती, लस सुरक्षित होती. तरीही उत्तर ‘नाही’ आले. चाचणी झाली म्हणून ते कळले आणि अपुऱ्या लसीचे डोस वाया जाणे टळले. एनटीएमबाबतही हीच शिस्त हवी.

लस कशी द्यायची, हाही प्रश्न आहे का?

आहे, आणि तो कळीचा ठरू शकतो. २०२० मध्ये अमेरिकेत माकडांवर झालेल्या एका प्रयोगात बीसीजी त्वचेत टोचण्याऐवजी शिरेतून दिली गेली. दहापैकी नऊ माकडांना टीबीपासून भक्कम संरक्षण मिळाले. त्वचेत टोचून असा परिणाम मिळाला नव्हता. माणसांना शिरेतून जिवंत जंतू देणे सध्या सुरक्षित मानले जात नाही. मात्र मार्ग बदलला की परिणाम बदलतो, हे त्यातून स्पष्ट झाले. मूत्राशयाच्या कर्करोगात लस थेट मूत्राशयात द्यावी लागते, तेही याचमुळे. त्यामुळे एनटीएमसाठी दंडावरची एक सुई पुरेल, असे गृहीत धरता येत नाही.

वेळेचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. एव्हियमच्या अनेक रुग्णांत उपचारानंतर आजार परततो, तो जुना जंतू उरल्यामुळे नव्हे, तर पाणी-मातीतून नव्या जंतूचा संसर्ग झाल्यामुळे. हे लक्षात घेतले तर बीसीजीची सर्वात तर्कशुद्ध जागा औषधांचा कोर्स संपल्यानंतरची दिसते. तेव्हा फुप्फुसातील जंतूंचा भार कमी असतो. लसीला मारणारी औषधे थांबलेली असतात आणि पुन्हा होणारा संसर्ग टाळणे हेच उद्दिष्ट असते. पहिली चाचणी याच टप्प्यावर, प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या रुग्णांत आणि बारीक देखरेखीखाली व्हायला हवी.

मग अशा चाचण्या का होत नाहीत?

कारण त्यातून कोणालाच मोठा नफा नाही. बीसीजीवर कोणाची मक्तेदारी नाही, किंमत नगण्य आहे. एखाद्या कंपनीने कोट्यवधी रुपये खर्चून तिचा नवा उपयोग सिद्ध केला, तरी दुसरी कंपनी तीच लस विकू शकते. नव्या रेणूसाठी पैसा उभा राहतो, जुन्या कुपीसाठी राहत नाही. दुर्मीळ आजारात तर ग्राहकही कमी. त्यामुळे जुन्या लसीचा नवा उपयोग ही कल्पना व्याख्यानांत टाळ्या मिळवते आणि निधीच्या बैठकीत मागे पडते.

स्वस्त लसीची दुसरी बाजूही आहे. एका मोठ्या कंपनीने २०१७ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगासाठीची आपली बीसीजी बनवणे थांबवले. त्यानंतर अमेरिकेत एकच पुरवठादार उरला आणि रुग्णांना वर्षानुवर्षे टंचाई सोसावी लागली. भारतात २००८ मध्ये चेन्नईच्या गिंडी येथील सरकारी बीसीजी प्रयोगशाळेचा परवाना स्थगित झाला होता, तेव्हा सार्वजनिक उत्पादनाचे महत्त्व सर्वांना आठवले. उद्या एनटीएमसाठी मागणी वाढली आणि उत्पादन तेवढेच राहिले, तर नवजात बाळांचा वाटा कमी होता कामा नये. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसारखी बीसीजी बनवणारी कंपनी राज्यातच आहे. त्यामुळे चाचणी आखतानाच पुरवठ्याचे नियोजन करणे अवघड नाही.

महाराष्ट्रात आत्ता काय करता येईल?

एक संधी तर समोरच आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत निवडक प्रौढांना बीसीजी देण्याची अभ्यास मोहीम सुरू झाली. काही जिल्ह्यांत लस द्यायची, काही ठिकाणी द्यायची नाही आणि पुढील काही वर्षे टीबीच्या प्रमाणाची तुलना करायची, अशी तिची रचना आहे. साठीपुढील व्यक्ती, मधुमेही, धूम्रपान करणारे, कमी वजनाचे आणि गेल्या पाच वर्षांत टीबी होऊन गेलेले लोक तिच्या कक्षेत आहेत. यांतील शेवटचा गट एनटीएमच्या दृष्टीने सर्वाधिक जोखमीचा आहे.

म्हणजे लस दिली गेली आहे, तुलनेचे जिल्हे ठरले आहेत, पाठपुरावाही व्हायचाच आहे. फक्त एक प्रश्न जोडायचा आहे : यांच्यापैकी कोणाच्या थुंकीत जंतू दिसले, पण सीबीनॅटने टीबी नाकारला, तर त्या नमुन्याचे कल्चर करून एनटीएमची नोंद घ्यायची. पुणे आणि नागपूर येथे राज्याच्या टीबी संदर्भ प्रयोगशाळा आहेत. हे नमुने तिथवर पोहोचवण्याची सोय आणि थोडा निधी एवढीच गरज आहे. यातून लस एनटीएम बरा करते का, हे कळणार नाही. ती प्रौढांत एनटीएम टाळते का, याची भारतातील पहिली मोठी झलक मात्र मिळेल. ती आशादायक असेल, तर औषधांनंतर लस देऊन पाहणारी स्वतंत्र चाचणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घ्यावी. एमडब्ल्यू लसीचा गटही त्यात असावा. मारलेल्या जंतूंची लस असल्याने तिच्यात जिवंत जंतू पसरण्याचा धोका नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. टीबीच्या कर्मचाऱ्यांवर आधीच कामाचा डोंगर आहे, औषधांचा तुटवडा अधूनमधून होतो, अशात दुर्मीळ आजाराचे नवे ओझे कशाला? उत्तर असे, की एनटीएमचा रुग्ण आजही याच यंत्रणेत आहे. तो चुकीच्या नावाने नोंदला गेला आहे, टीबीची औषधे विनाकारण खातो आहे आणि ‘उपचार अयशस्वी’ या रकान्यात जातो आहे. त्याला वेळीच ओळखल्याने ओझे वाढत नाही, उलट जड औषधांचा अपव्यय थांबतो.

तोपर्यंत रुग्णांनी काय करावे?

एनटीएमवर बीसीजी हा आज मान्य उपचार नाही. ओळखीच्या दवाखान्यात जाऊन लस टोचून घेणे टाळावे. औषधे चालू असताना ती निरुपयोगी ठरेल आणि प्रतिकारशक्ती कमी असल्यास घातकही ठरू शकते. बाळांचे बीसीजी लसीकरण मात्र वेळेवर करावे. लहान मुलांना मेंदूच्या आणि शरीरभर पसरणाऱ्या टीबीपासून ती वाचवते, याबद्दल शंका नाही.

टीबीची औषधे नियमित घेऊनही दोन-तीन महिन्यांत थुंकी ‘निगेटिव्ह’ होत नसेल, किंवा थुंकीत जंतू असूनही सीबीनॅटने टीबी नाकारला असेल, तर ‘कल्चर आणि प्रजातीची तपासणी झाली का?’ हा एक प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा. औषधे स्वतःहून बंद करू नयेत. पूर्वी टीबी झालेल्यांनी दीर्घकाळचा खोकला ‘जुनाच आहे’ म्हणून अंगावर काढू नये.

बीसीजीने एका शतकात तीन वेगवेगळ्या आजारांत स्थान मिळवले आणि कोविडमध्ये ते मिळवता आले नाही. या दोन्ही गोष्टी चाचण्यांमुळेच कळल्या. एनटीएमच्या रुग्णाला आज निदानासाठीच कित्येक महिने वाट पाहावी लागते. लस त्याच्या कामी येते की नाही, हे ठरवण्याआधी त्याच्या आजाराचे नाव कागदावर अचूक लिहिले गेले पाहिजे. त्यासाठी नव्या शोधाची गरज नाही.